जुळलं का?

रविवारी डोंबिवलीहून सातच्या आसपासची लोकल पकडायची, मेगाब्लॉक असेल तर त्याच्या आधीची, आणि साडेआठच्या आत आझाद मैदानावर पोचायचं, हे मी बावीस वर्षं करते आहे. पिशवीत दोन पेन्सिली, शार्पनर, जाड प्लास्टिकचा कागद, कपडे वाळत घालायचे चार चिमटे आणि पाण्याची बाटली. आमच्या क्रिकेट क्लबची मी स्कोअरर, म्हणजे मॅचचा बॉल न् बॉल लिहून ठेवणारी. पगार नाही, मानधन नाही. सकाळी चहा, दुपारी मुलांबरोबर जेवण आणि मॅच संपल्यावर पुन्हा चहा.

मी स्वतः कधी खेळलेले नाही. मुलगा अकरा वर्षांचा असताना, 2003 च्या मे महिन्यात, त्याचं नाव उन्हाळी शिबिरात घातलं. इतक्या लहान पोराला एकट्याने लोकलमध्ये सोडायची माझी हिंमत नव्हती. म्हणून त्याच्याबरोबर जायचे आणि क्लबच्या तंबूत कोपऱ्यातल्या खुर्चीवर विणकाम घेऊन बसायचे. तंबूच्या तोंडाशी एक लाकडी टेबल होतं आणि त्या टेबलाशी काका बसलेले असायचे. सगळेच त्यांना काका म्हणायचे, अंपायरसुद्धा. रेल्वेच्या ऑफिसात नोकरी, राहायला कुर्ल्याला. 1972 मध्ये ते क्लबमध्ये ऑफस्पिनर म्हणून आले, बोट दुखावलं म्हणून एका रविवारी स्कोअरबुक घेऊन बसले, आणि मग ते पुस्तक त्यांच्याकडेच राहिलं. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा या कामाला एकतीस वर्षं झालेली होती.

जुलै आला आणि कांगा लीग सुरू झाली. ज्यांनी ती पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. डॉ. एच. डी. कांगा यांच्या नावाची ही लीग मुंबईत 1948 पासून भर पावसाळ्यात खेळतात. पिच उघडं, ओलं. आऊटफिल्डला गवत वाढलेलं, त्यामुळे जमिनीलगत मारलेला चांगला फटकाही वीस पावलांवर रुतून बसतो आणि बॅट्समन उचलून मारायला लागतात. ‘ए’पासून ‘जी’पर्यंत गट. आमचा क्लब खालच्या गटातला, पण मॅचच्या दिवशी तंबूत जी शांतता असते ती वरच्या गटापेक्षा काही कमी नसते.

त्या रविवारी समोरच्या संघाचा स्कोअरर आलाच नाही. काकांनी दुसरं पुस्तक उघडून माझ्यासमोर सरकवलं.

“ताई, तुम्ही बँकेत आहात ना? आकडे लिहिता येतात. बसा.”

मी म्हटलं, मला क्रिकेटमधलं काही कळत नाही. ते म्हणाले, “खेळायचं नाहीये, बघायचंय. बॉल पडला की माझ्याकडे बघू नका, पिचकडे बघा. अंपायरने खूण केली की हात वर करा, तो आपल्या हाताची वाट बघत उभा असतो. आणि ओव्हर संपली की मी माझा आकडा म्हणीन, तुम्ही तुमचा म्हणा. माझा ऐकून तुमचा बदलायचा नाही. फरक असेल तर फरक सांगायचा.”

हे शेवटचं वाक्य मला तेव्हा अगदी साधं वाटलं होतं.

पहिल्या दिवशी तर आपली मॅच कुठली हेच सापडेना. आझाद मैदानावर वीसेक पिचेस आहेत, एकमेकांना खेटून. एका मॅचचा डीप मिडविकेट दुसऱ्या मॅचच्या स्लिपच्या पाठीमागे उभा असतो. सगळे पांढऱ्या कपड्यांत. शेजारचा अंपायर चौकाराची खूण करतो आणि आपण आपल्या पुस्तकात चार लिहून बसतो. काकांनी सांगितलं, सकाळी आधी आपल्या दोन अंपायरांच्या टोप्या आणि बूट पाहून ठेवायचे. चेहरे इतक्या लांबून दिसत नाहीत. बॅट्समनचंही तसंच. पॅडचा पट्टा, बॅटच्या मुठीचा रंग, डावखुरा की उजवा, क्रीजवर येऊन तो काय करतो. समोरच्या संघाचा नवा बॉलर आला की तंबूतून ओरडायचं, “बॉलर कोण?” मैदानातून नाव येतं ते निम्मं वाऱ्यात जातं. मग आडनाव अर्धवट लिहून ठेवायचं आणि ड्रिंक्सला पक्कं करायचं.

दुपारपर्यंत माझ्या पुस्तकात आणि काकांच्या पुस्तकात चार धावांचा फरक पडला होता. मी ओशाळून गेले. काका मात्र खुशीत आले. म्हणाले, “फरक सापडला ना, मग झालं. न सापडलेला फरक वाईट.”

त्या दिवसापासून शिकणं सुरू झालं. स्कोअरबुकाचं पान म्हणजे एकच गोष्ट तीन ठिकाणी लिहिणं. वर बॅट्समनच्या ओळी, खाली बॉलरच्या ओव्हरचे चौकोन, आणि मध्ये एकपासून पुढे छापलेले आकडे, जे धाव झाली की एकेक करून खोडत जायचे. प्रत्येक बॉल तिन्हीकडे नोंदला गेला पाहिजे. बॅट्समनच्या धावा अधिक अवांतर, म्हणजे कुठल्याच बॅट्समनच्या नावावर न लागणाऱ्या धावा, यांची बेरीज ती टोटल. बॉलरांनी दिलेल्या धावा अधिक बाय (बॉल कशालाच न लागता पळालेल्या धावा) आणि लेगबाय (अंगाला लागून पळालेल्या) म्हणजेही तीच टोटल. खोडलेला शेवटचा आकडाही तोच. वाइड आणि नोबॉल बॉलरच्या खात्यात जातात, बाय आणि लेगबाय जात नाहीत, म्हणून बॉलरच्या चौकोनात त्यांना वेगळी खूण. बायला टोक वर असलेला त्रिकोण, लेगबायला टोक खाली. वाइडला अधिकचं चिन्ह, नोबॉलला वर्तुळ. ओव्हरमध्ये धाव नाही गेली, म्हणजे मेडन पडली, तर सहा टिंबं जोडून इंग्रजी एम काढायचा. त्यातच विकेट पडली असेल तर तीच टिंबं उलटी जोडून डब्ल्यू. मला हे टिंब जोडणं अजूनही फार आवडतं. बॉलरने मेहनतीने टाकलेली ओव्हर आपण हाताने शिवून ठेवतो असं वाटतं.

बँकेतल्या नोकरीने मला इथे हात दिला. आमच्याकडे संध्याकाळी दिवसाची बेरीज टॅली झाल्याशिवाय कोणी घरी जात नसे. फरकाला नऊने नीट भाग गेला तर कुठेतरी आकडे उलटे पडलेत, 36 चे 63 झालेत, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवलेलं. मी ते काकांना सांगितलं. त्यांनी दोन-तीन जोड्या मनाशी करून पाहिल्या आणि माझ्याकडे बघून मान डोलावली. त्यानंतर ते मला ताई म्हणायचे थांबले आणि ‘अगं’ म्हणू लागले.

परतीच्या लोकलमध्ये कुर्ल्यापर्यंत आम्ही बरोबर असायचो, आणि काका मला कोडी घालायचे. एक अजून आठवतं. फेब्रुवारी 1988, याच आझाद मैदानावर हॅरिस शील्ड या शाळांच्या स्पर्धेची सेमीफायनल, शारदाश्रम विरुद्ध सेंट झेवियर्स. तेंडुलकर नाबाद 326, कांबळी नाबाद 349, आणि दोघांची भागीदारी 664. “बेरीज कर,” काका म्हणाले. मी केली, 675 आली. भागीदारीपेक्षा अकरा जास्त. मी म्हटलं, मग कुठेतरी चूक आहे. ते म्हणाले, “चूक नाही. सचिन आला तेव्हा दोन बाद 84 होते. डाव घोषित केला तेव्हा दोन बाद 748. वजा कर, 664 बरोबर. मग अकरा कुठून आल्या?” दादर गेलं, सायन गेलं. कुर्ला यायच्या आत मला सुचलं की कांबळी आधीपासून खेळत होता. सचिन आत आला तेव्हा त्याच्या किमान अकरा धावा झालेल्या होत्या. भागीदारीत जितक्या अवांतर, तितक्या त्या अकरावर आणखी. काका उतरता उतरता म्हणाले, “ती मॅच मी बघितली नाही, ऑफिसात होतो. पण कागद नीट लिहिलेला असला की न बघितलेलंही दिसतं.”

घरी रेडिओ ऐकत स्कोअर लिहायची त्यांना शाळेपासून सवय. मराठीत बाळ ज. पंडितांचं धावतं वर्णन, आणि हे पाटीवर रेघा मारताहेत. आकाशवाणीच्या समालोचकांना आकडे पुरवणारे आनंदजी डोसा हे त्यांचं दैवत. डोसांचं नाव घेताना ते नकळत सरळ बसायचे.

मैदानावर माझी एक अडचण होती आणि ती मी लपवणार नाही. बाईमाणसाला जायची सोय आसपास नव्हती. रस्ता ओलांडून स्टेशनवर जावं लागे, आणि स्कोअरर तर डाव संपेपर्यंत उठू शकत नाही. पहिली काही वर्षं मी सकाळपासून पाणीच पीत नसे. त्याने त्रास झाला, डॉक्टर झाले. शेवटी काकांनी कमिटीच्या बैठकीत ड्रिंक्समध्ये स्कोअररसाठी बदली माणूस बसवायचा ठराव मांडला. ठरावात कारण लिहिलं नव्हतं. मला मात्र पुरेसं कळलं.

मॅच संपली की आणखी एक काम असे. तेव्हा काही वर्तमानपत्रांत रविवारच्या मॅचेसचे संक्षिप्त धावफलक सोमवारी छापून येत. पन्नास केलेल्यांची आणि पाच विकेट घेतलेल्यांची नावं. काका ते सुवाच्य अक्षरात उतरवून काढत आणि बोरीबंदरच्या आसपासच्या कचेऱ्यांमध्ये स्वतः चालत नेऊन देत. भिजलेली चप्पल, पँट गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेली. दारावरच्या माणसाला ते दर वेळी सांगत, “आडनावं तपासून घ्या, मुलांची असतात.” सोमवारी त्या बारीक ओळीसाठी किती घरांत पेपर घेतला जातो हे त्यांना ठाऊक होतं.

मग 26 जुलै 2005 आला. सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस. काकांची खोली तळमजल्यावर. पाणी पलंगाच्या वर चढलं. ते आणि काकू वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे रात्रभर बसून होते. पलंगाखालच्या पत्र्याच्या ट्रंकेत क्लबची तेहतीस वर्षांची स्कोअरबुकं होती.

पाचव्या दिवशी मी पोचले तेव्हा गादी, धान्य, फोटो, सगळं गल्लीत काढलेलं होतं. काका ट्रंकेशेजारी उकिडवे बसले होते. 1972 ते 1977 ची पुस्तकं शाईपेनाने लिहिलेली होती. ती उघडली की पानावर नुसता निळा ढग. सहा मोसम गेले. कोण खेळलं, कोणी काय केलं, काहीच उरलं नाही. त्यापुढची सगळी पेन्सिलीची. एका पावसाळ्यात शाई ओघळताना पाहून काकांनी पेन्सिल धरली होती, तेवढ्याच साध्या कारणासाठी. पेन्सिलीतलं शिसं पाण्यात विरघळत नाही. पानं चिकटली होती, चिखलाचा वास मारत होती, पण सोडवून धरली की अक्षर जागच्या जागी होतं.

मी ती सगळी पुस्तकं डोंबिवलीला आणली. आमचा तिसरा मजला, दोन खोल्या. हॉलमध्ये दोऱ्या बांधल्या, एकेक पान सोडवून त्यांवर टाकलं, पुस्तकांच्या घड्यांत वर्तमानपत्राचे कागद घालून ते दर चार तासांनी बदलले. बँकेतून आलं की हेच. यजमान आणि मुलगा हातभार लावायचे. गणपती येईपर्यंत हॉल मोकळा करायचा होता, आणि तो आदल्या रात्री झाला.

त्या सव्वा महिन्यात मी काकांची पुस्तकं वाचली असं म्हणायला हवं. आणि मला एक गोष्ट दिसली. पेन्सिलीने लिहिलेली सत्तावीस वर्षं, पण कुठेही खोडरबर फिरलेलं नाही. चुकीच्या आकड्यावर एक आडवी रेघ, शेजारी बरोबर आकडा, आणि त्याच्याशेजारी दोन बारीक सह्या. एक काकांची, दुसरी समोरच्या संघाच्या स्कोअररची. मोसम बदलत होते तशी दुसरी सही बदलत होती. एक सही मात्र अकरा-बारा वर्षं पुन्हा पुन्हा येत राहते आणि मग थांबते. मी काकांना विचारलं. ते म्हणाले, “पारशी गृहस्थ होते. त्यांच्या क्लबचे. आम्ही तेवढ्या वर्षांत आकड्यांशिवाय फारसं काही बोललो नसू.” मग थोड्या वेळाने, “गेले तेव्हा मी अग्यारीपर्यंत गेलो होतो. आत जाता येत नाही आपल्याला. बाहेर उभा राहिलो.”

क्रिकेटच्या नियमांत स्कोअरर दोन असावेत असं स्पष्ट लिहिलेलं आहे. 2017 च्या संहितेत तो तिसरा नियम आहे. दोघांनी वारंवार आपली नोंद ताडून पाहायची, आणि अंपायरांशीही पटवून घ्यायची. मी हा नियम वाचला तेव्हा मला तो व्यवस्थेचा भाग वाटला. त्याचा खरा अर्थ मला 2007 च्या ऑगस्टमध्ये कळला, आणि तो माझ्याच चुकीतून.

त्या दिवशी काका डोळ्यांच्या तपासणीसाठी गेले होते. मी एकटी होते. समोरच्या संघाने स्कोअरर म्हणून एक बारा-तेरा वर्षांचा मुलगा बसवला. गुणी पोरगा, पण घाबरलेला. तो माझ्या पुस्तकात बघून लिहू लागला. मला ते दिसत होतं. आधी दोनदा मी त्याला टोकलं, मग पाऊस वाढला, प्लास्टिक धरायला हात पुरेनात, आणि मीच त्याला आकडे सांगू लागले. ओव्हर संपली की मी म्हणायचे, तो तेच म्हणायचा. जुळत होतं.

समोरच्यांचे 131. आमच्या नऊ विकेट पडल्या आणि शेवटच्या जोडीने एक चोरटी धाव घेतली तेव्हा बोर्डावर 132 लागले. सगळे नाचत आत आले. पोरांनी बॅट्समनला उचललं. अंपायर टेबलाशी आले, टॉवेलने हात पुसून सहीसाठी पेन मागू लागले.

मी बॉलर्सची बेरीज करत होते. बाय-लेगबाय मिळवून 131 आले. पुन्हा केली. 131.

अंपायर म्हणाले, “बाई, झालं का?” मी म्हटलं, एक मिनिट. एकदा अंपायरांनी स्कोअररांशी पटवून आकडे कायम केले की निकाल बदलत नाही, हे मला माहीत होतं. त्या एका मिनिटात मी सतरावी ओव्हर शोधून काढली. दोन धावा पळाले होते. बॉल अजून फेकला जात होता तेवढ्यात मी बॅट्समनपुढे दोन लिहून, दोन आकडे खोडून मोकळी झाले होते. मग बॉलरच्या चौकोनासाठी मान वर केली तर अंपायरचा हात दुमडलेला, बोटं खांद्याला. वन शॉर्ट. पहिली धाव पूर्ण टेकली नव्हती. मी हात वर करून पोच दिली, बॉलरपुढे एक लिहिला, आणि वरचे दोन दुरुस्त करायला विसरले. “बॉल डेड झाल्याशिवाय पेन्सिल टेकवायची नाही,” हे काका मला चार वर्षं सांगत होते.

माझ्या शेजारच्या पुस्तकातही 132 होते, कारण ते माझेच होते. दुसरा साक्षीदार मीच घालवला होता.

मी अंपायरला म्हटलं, “सर, वन शॉर्ट माझ्याकडून बॅट्समनला पूर्ण लागलाय. 131 आहेत. बरोबरी आहे.” हे म्हणताना माझा आवाज कापत होता. आमच्या कॅप्टनने ते ऐकलं आणि तंबूत एकदम शांतता झाली. षटकं शिल्लक होती. नियमाप्रमाणे अंपायरांनी खेळ पुन्हा सुरू करायला सांगितलं. आमच्या बॅट्समनने एक पॅड सोडलेलं होतं ते परत बांधलं. दुसऱ्याच बॉलला त्याचा मधला स्टंप गेला. 131 सर्वबाद. त्या बॉलरची ती पाचवी विकेट.

कॅप्टन माझ्याकडे न बघता म्हणाला, “ताई, तुम्ही नक्की कोणाच्या?” मी उत्तर दिलं नाही. दोघांच्या पुस्तकांत चुकीच्या आकड्यावर आडवी रेघ मारली, शेजारी बरोबर आकडा लिहिला, सही केली. त्या मुलालाही करायला लावली. मग संक्षिप्त धावफलक उतरवला. पाच विकेट घेणाऱ्याचं आडनाव त्याच्याकडून दोनदा विचारून घेतलं आणि पावसातून चालत जाऊन दिलं.

परतताना कुर्ल्याला उतरले. काका डोळ्यावर पट्टी लावून बसले होते. मी सगळं सांगितलं, अगदी त्या मुलाला आकडे सांगत गेले तेसुद्धा. कोण जिंकलं, कोण काय बोललं, यातलं त्यांनी काही विचारलं नाही. सांगून झाल्यावर म्हणाले, “मग शेवटी जुळलं का?”

“जुळलं.”

“बस मग. चहा घे.”

चार रविवार कॅप्टन माझ्याशी बोलला नाही. मला त्याचा राग आला नाही. हातात आलेली मॅच गेली होती आणि त्याचं कारण समोर बसलेलं होतं.

त्यानंतर मी मुंबई क्रिकेट असोसिएशनच्या स्कोअररच्या परीक्षेला बसले. नियमांचं पुस्तक लोकलमध्ये वाचायचे, घरी टीव्हीवरची मॅच पूर्ण लिहायचे आणि छापून आलेल्या स्कोअरकार्डाशी ताडायचे. अभ्यासात मजा कशाची आली सांगते. मैदानावर ज्याच्यावरून भांडणं होतात ते पुस्तकात फार थोड्या जागेत मावतं. नॉनस्ट्रायकर, म्हणजे बॉलरच्या टोकाला उभा असलेला बॅट्समन, बॉल हातातून सुटायच्या आत बाहेर निघाला आणि बॉलरने बेल्स उडवल्या, की जगभर वाद. त्याला आपल्या विनू मांकडांचं नाव चिकटलं, 1947 च्या सिडनी कसोटीपासून. स्कोअररला मात्र एवढंच लिहायचं असतं, धावबाद. बॉलरच्या खात्यात विकेट नाही. बॉल विकेटकीपरच्या मागे ठेवलेल्या हेल्मेटला लागला तर पाच दंडाच्या धावा, त्या बॉलरलाही नाहीत आणि बॅट्समनलाही नाहीत. नियम बदलतात तेही लक्षात ठेवावं लागतं. ऑक्टोबर 2022 पासून झेल गेला की धावताना बॅट्समननी एकमेकांना ओलांडलेलं असो वा नसो, नवा बॅट्समनच स्ट्राइकला येतो, ओव्हर संपली नसेल तर. आमच्या तंबूत दोन मोसम त्यावर रोज खुलासा करावा लागत होता. परीक्षा पास झाले. बाहेरच्या मॅचेसना बोलावणी येतात, तिथे पैसे मिळतात. जमेल तेव्हा जाते. पण क्लबचा रविवार सोडत नाही.

2017 च्या सुमारास मोबाईलवर स्कोअर घ्यायची पद्धत मैदानावर पसरली. ती चांगली आहे असं माझं मत आहे. गावाकडची आजी नातवाच्या धावा बॉलगणिक बघते, हे काय कमी आहे? बेरीज चुकत नाही. मुलांना आपला सगळा हिशेब एका जागी मिळतो. मी स्वतः फोनवरही स्कोअर घेते. पण मॅचला फोन एकच असतो आणि तो एकाच माणसाच्या हातात असतो. त्याने चुकीचं बटण दाबलं तर ते बरोबर बेरजेसकट चुकीचं राहतं, आणि ओव्हर संपल्यावर शेजारून दुसरा आकडा म्हणणारं कोणी नसतं. म्हणून आमच्या क्लबमध्ये फोनबरोबर पुस्तकही लिहिलं जातं, आणि ते दोन वेगळी माणसं लिहितात. हा माझा हट्ट आहे आणि कमिटीने तो मान्य केला आहे.

काका आता ऐंशीचे झालेत. लांबचं दिसत नाही. तरी मोसमात एखाद्या रविवारी मुलगा त्यांना टॅक्सीने आणून सोडतो. ते टेबलाच्या डावीकडे खुर्ची घेऊन बसतात, बॅटचा आवाज ऐकतात आणि फटका कुठे गेला ते बहुतेक वेळा बरोबर सांगतात. मेडनचे एम जोडताना मी पेन्सिल थोडी दाबून ओढते. त्या आवाजावरूनही त्यांना कळतं.

या जुलैपासून माझ्या शेजारी एक चौदा वर्षांची मुलगी बसते. क्लबच्या मुलींच्या संघात लेगस्पिन टाकते. पायाला दुखापत झाली म्हणून दोन महिने खेळणं बंद. पहिल्या दिवशी ती माझ्या पुस्तकात डोकावली तेव्हा मी मधे पिशवी उभी करून ठेवली. तिला वाईट वाटलं असावं, काही बोलली नाही. गेल्या रविवारी बाविसावी ओव्हर संपली. बारीक पाऊस होता, पिशवी होतीच मधे.

“त्र्याऐंशी, पाच बाद,” मी म्हटलं.

ती गप्प राहिली. पान बोटाने वरून खाली तपासलं. मग म्हणाली, “नाही काकू. माझ्याकडे चौऱ्याऐंशी आहेत.”

काकांनी खुर्चीतून मान आमच्याकडे वळवली. मी पेन्सिल खाली ठेवली आणि ओव्हरचे सहाही बॉल पहिल्यापासून मोजायला घेतले.